भुंग्याची बंडी

पुतळीकाकूने विणलेल्या बुट्टीतून पाणी न्यावं, असं आमच्या वाडीत म्हणत. आमची माणसं कौतुक करायला लागली की हात आखडत नाहीत, हे सोडून द्या. पण कुळगीच्या आसपासच्या पाच-सहा वाड्यांत तिच्यासारखं बांबूकाम कुणाला जमत नव्हतं, एवढं खरं. असल्या बाईच्या हातात दोन सुया आणि लोकर देऊन जंगलखात्याच्या कारकुनाची बायको बाळंतपणाला बेळगावला निघून गेली, आणि मग जे व्हायचं ते झालं. साल एकोणीसशे बावीस-तेवीस असेल.

ही बायको म्हणजे ताराबाई. रानात करमेना म्हणून ती काकूकडून बुट्टी शिकायची आणि काकूला लोकरीचे टाके शिकवायची. सुलटा टाका झाला, उलटा झाला, वीतभर पट्टी झाली, तोवर माहेरची गाडी दारात आली. कपडा बेतायचा कसा, ते शिकवायचं राहूनच गेलं. जाताना तिने नवऱ्याची जुनी लोकरी बंडी उसवून ती सगळी लोकर काकूला दिली.

काकूला लोकर हवी होती तिच्या कुत्र्यासाठी, भुंग्यासाठी. बारा वर्षांचं म्हातारं कुत्रं, अंगावरचे केस झडलेले, पण खळ्यावरची राखण सोडायला तयार नाही. थंडीत घरात घ्यावं तर दार ओरबाडून परत खळ्यावर. आदल्या पौषात एका सकाळी तो तिथे ताठ होऊन पडलेला सापडला. काकूने चुलीपाशी नेऊन दुपारपर्यंत चोळलं, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. तिला मूलबाळ नव्हतं. यंदाच्या पौषात भुंग्या वाचायचा नाही, अशी धास्ती तिने दसऱ्यापासूनच घेतली होती.

तर बंडी विणायची, पण माप कसं घ्यायचं? आमच्याकडे बुट्टी ठरते ती आत किती मावतं त्यावर. पाच पायल्यांची, दहा पायल्यांची. काकूने तेच केलं. दहा पायल्यांच्या बुट्टीत पेंढा घालून भुंग्याला आत बसवलं. तो मुटकुळं करून झोपला आणि नेमका मावला. झालं माप! बुट्टीच्या घेराएवढी लांब आणि खोलीएवढी रुंद पट्टी तिने महिनाभर बसून विणली. टाका असा आवळलेला की सुई आत शिरताना कुरकुरायची. मग पट्टी दुमडली, कडा शिवल्या, वर डोक्यासाठी तोंड आणि पुढच्या पायांपुरती दोन भोकं ठेवली. बूड अर्थातच बंद. बिनबुडाची बुट्टी कुणी पाहिली आहे?

मळणीच्या सकाळी सगळी वाडी खळ्यावर असताना तिने ती बंडी भुंग्याला चढवली. तो बसून होता तोवर झकास दिसत होता. इतक्यात एक वानर भाताच्या राशीकडे आलं आणि भुंग्या उठला. म्हणजे उठायला गेला. पुढचे पाय उभे राहिले, मागचे बंडीतच दुमडलेले. तरी गडी मागे हटला नाही. बेडकासारख्या दोन उड्या मारल्या आणि तिसरीला कोलांटी खाऊन राशीत जाऊन पडला. वानर पळायचं विसरून बघत बसलं.

लोक पोट धरून हसले. सगळ्यांत जास्त हसली काकूची धाकटी जाऊ रुक्मा, म्हणजे माझी आई.

"अगं आक्का, कुत्र्याला उभं करून माप घ्याचं! झोपलेल्याचं कोण घेतंय?"

"आता टांगून ठेव त्याला शिंक्यात," काकूचा नवरा लखूकाका म्हणाला.

काकूने भुंग्याला सोडवलं. तो गवताच्या उडवीमागे जाऊन बसला, हाक मारली तरी येईना. तिला रडू कोसळलं. लोक हसले त्याचं नव्हे. पौष तोंडावर आला होता, लोकर संपली होती, आणि उसवायला घेतलं तर तिचेच आवळलेले टाके तिला सुटेनात.

संध्याकाळी गार वारा सुटला. काकू खळ्यावर गेली तेव्हा भुंग्या नाक शेपटीत खुपसून थरथरत पडला होता. दुसरं काही सुचेना म्हणून तिने बंडीचं तोंड ताणलं आणि पायांच्या भोकांची भानगड न करता त्याला तसंच आत सरकवलं. बंडी बरोबर बसली. वाऱ्याला शिरायला कुठे फटच नव्हती. त्याची थरथर थांबेपर्यंत काकू शेजारी बसून राहिली.

सकाळी धुक्यात लखूकाका भीत भीतच खळ्यावर गेला आणि ओरडत परतला, "अगं, जित्ता हाय! तव्यावरच्या भाकरीवानी गरम हाय!"

त्या पौषात भुंग्या रोज संध्याकाळी आपणहून बंडीत शिरायचा आणि उन्हं आली की बाहेर यायचा.

फाल्गुनात ताराबाई बाळाला घेऊन परत आली. बंडी पाहून तिला हसू आवरेना.

"पुतळाक्का, असं नव्हे हो. कुत्रा उभा असताना मानेपासून शेपटीपर्यंत मोजायचं."

"बाईसाब, उभ्या कुत्र्याला कुठली थंडी?" काकू म्हणाली. "त्यो हिंडतोय, भुकतोय. थंडी वाजती ती पडल्यावर. मग पडलेल्याचंच माप नगो व्हय?"

ताराबाई हसायची थांबली. तिने मांडीवर मुटकुळं करून झोपलेल्या बाळाकडे पाहिलं.

"मग ह्याचंही माप घेता काय?" तिने विचारलं.

काकू बुट्टी आणायला उठलीसुद्धा.