भाताची लावणी

पडद्यावर मी वाकले. ढोलकी वाजली. पुरती उठायच्या आधीच परत वाकले. परत ढोलकी. कंबर एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

साहेब म्हणाले, "मावशींची लावणी! अरे, शिट्टी कोण वाजवणार?"

एकानं खरंच वाजवली. सगळे हसले. माझ्या हातात ओला फडका होता. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून छळतं.

लोणावळ्यात एका बंगल्यात कार्टून बनवायचं ऑफिस आहे. मी कान्हे गावाहून तिथं झाडलोटीला जाते. शेतीवरच्या एका कार्टूनसाठी त्यांनी भात लावणारी बाई काढली होती. ती पुढं चालत रोपं लावत होती. फरशी पुसता पुसता माझ्या तोंडून निघून गेलं, "अवो, पुढं चालली तर सोताचीच रोपं तुडवंल की. लावणी मागं मागं सरकत करत्यात."

साहेबांनी लगेच कॅमेरा लावला. "करून दाखवा, मावशी."

मला बरं वाटलं. आपलंही काही कामाला आलं. मी पदर खोचला आणि कोरड्या फरशीवर, रिकाम्या मुठीनं भात लावला. आईनं शिकवलेला, तस्सा. त्यावरून त्यांनी चित्र काढलं. नाक माझं, पाठ माझी, साडी माझी.

कार्टूनमध्ये ती बाई नीट लावणी करते. हे ढोलकीचं वेगळं केलं होतं. गंमत म्हणून. येईल त्या पाहुण्याला दाखवायला.

तेव्हापासून मला वाकता येईना. पाणी तापवायला चुलीपुढं वाकले की कानात ढोलकी. वाटायचं, कोणीतरी मला धरून ठेवलंय, वर येऊ देत नाही. आमच्या खाचरात लावणी करताना मी मधेच ताठ उभी राहिले. शेजारी नणंद होती. म्हणाली, "काय गं वैनी, पाठ धरली?"

"व्हय," म्हणाले. दुसरं काय सांगणार?

मग टेबलं पुसताना मी पडद्याकडं बघायला लागले. चौथी शिकलेय, पण आकडे कळतात. चित्राखाली एक लांब पट्टी असते, तिच्यावर लाल रेघ. रेघ उजवीकडं ओढली की बाई पुढचं करते, डावीकडं ओढली की केलेलं उलटं करते. पट्टीवर पत्त्यांतल्या चौकटीसारखे बारके ठिपके. त्या ठिपक्यावर बाई कशी दिसायची ते माणूस ठरवतो. मधलं मशीन भरतं. पट्टीवर आकडे घातलेली घरं, एका घरात एक चित्र; चोवीस घरं म्हणजे एक सेकंद. मी बारा आणि तीस नंबरच्या घरांमधे अडकले होते. रेघ तीसला पोचली की उडी मारून परत बारावर. आणि माझ्या प्रत्येक वाकण्याखाली ढोलकीची थाप बरोबर बसवलेली.

आज मुंबईचे पाहुणे आले. मी चहा घेऊन गेले. साहेबांनी तेच लावलं.

"अय्या, ह्याच का त्या?" एक पाहुणी म्हणाली. "आता समोर करून दाखवा ना!"

मी ट्रे खाली ठेवला. साहेबांपुढचा माऊस घेतला.

"मावशी, हात नका लावू. बिघडेल ते."

कीबोर्डचं लांबडं बटण दाबून मी चित्र थांबवलं. रेघ धरली. तीसच्या पुढं ओढली. नव्वद. एकशे दहा. रेघ पुढं गेली तशी पडद्यावरची मी रोपं लावत मागं मागं सरकत गेले. एकशे चाळीसला रोपांची ओळ संपते. तिथं मी कमरेवर हात ठेवून ताठ उभी आहे, समोर बघते आहे. हेही त्यांनीच काढलेलं. कधी कोणाला दाखवलं नव्हतं.

"ही भाताची लावणी हाय," मी म्हणाले. "नाच न्हाई. ते ढोलकीचं पुसा."

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं? गंमत होती."

"पुसा."

पुसलं. माझ्यासमोर.

नाचणाऱ्या बाईचा मला राग नाही. ती नाचते. मला नाचवलं.

घरी आले तरी ढोलकी थांबली नाही. दोन वर्षं त्या खोलीत काढलीत मी. पुसलेलं चित्र दोन बटणं दाबून परत येताना रोज पाहिलंय. साहेबांना वाटतं, हिला काय कळतंय.

उद्या मी जाणार आहे. झाडायला नाही. साहेबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसणार. कॉम्प्युटरमधला एकेक कप्पा उघडायला लावणार. जिथं जिथं मी ढोलकीवर नाचताना सापडेन, तिथून मला बाहेर काढूनच उठणार.