बंपरमागची जाळी

दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. समोर आलेल्या प्रत्येक पार्टकडे संशयाने बघणं हेच माझं काम. ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येता येत नाही, असं बायको म्हणते, आणि तिचं खरं आहे.

माझ्याकडे एक स्पोर्ट्‌स कार आहे. दोन दारांची, बुटकी, सेकंडहँड. घेतली तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. मग मी तिच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली, रुंद टायर घातले, पुढचा बंपर बदलला, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल थंड राहावं म्हणून बंपरच्या मागे एक जादा कूलर स्वतःच्या हाताने बसवला. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, हिच्यात बसायचं का झोपायचं.

आण्णा लासलगावला असतात, आई गेल्यापासून एकटेच. आयुष्यभर त्यांनी लिलावात कांदा घेतला, घरालगतच्या खळ्यावर निवडून घेतला आणि ट्रक भरून लांबलांब पाठवला. आता खळं चुलतभाऊ बघतो, पण कांदा निवडणाऱ्या बायकांच्या मागे उभं राहून सूचना देणं आण्णांनी सोडलेलं नाही. दर रविवारी मी आणि बायको नाशिकहून तिकडे जातो. गाडी खळ्याच्या कडेला लावतो, कारण दुसरी जागाच नाही.

खळं म्हटलं की कांद्याचे पापुद्रे आले. वारा सुटला की ते ओट्यावर, केसांत, चहाच्या कपात, कुठेही जाऊन बसतात. उन्हाळ्यातल्या एका रविवारी ते गाडीच्या पुढच्या फटींत गच्च भरलेले दिसले आणि माझं डोकं फिरलं. बंपरला नुकताच रंग दिला होता. आण्णांच्या तोंडावरच मी म्हणालो, "असंच होणार असेल तर मी इकडं येणंच बंद करतो." रागात माणूस काहीही बोलतो, पण मी बोललो ते बोललोच. जेवताना मी नको नको म्हणत असताना आण्णांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

त्यानंतर काही आठवड्यांनी, लासलगावहून परतताना नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो असताना गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा चढायला लागला. गाडी हिसके देऊ लागली, मग लाल दिवा पेटला. मागून हॉर्न, शेजारी बायकोची बोलकी शांतता. कशीबशी गाडी बाजूला घेतली आणि ती निवेपर्यंत आम्ही उसाचा रस पीत उभे राहिलो.

माझ्या कॉलेजच्या मित्राचं गॅरेज आहे. तोही माझ्यासारखाच तोंडाळ, म्हणून मैत्री टिकलेली. त्याने गिअरबॉक्सचं तेल काढून पाहिलं तर काळं पडलेलं, करपल्याचा वास. तेल बदललं, पंखा तपासला, लॅपटॉप जोडला. लॅपटॉप म्हणाला, गिअरबॉक्स तापतोय. ते मला लाल दिव्यानेही सांगितलं होतं. पुढच्याच आठवड्यात काटा पुन्हा वर. तेव्हा मित्र म्हणाला, बंपर उतरवू आणि तुझा कूलर बघू. मी म्हणालो, कूलर मी स्वतः बसवलाय, तिथे चूक असणं शक्य नाही, आणि बंपरच्या रंगाला ओरखडा नकोय. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्याने घातलेलं तेलच नकली असणार, असंही मी त्याच्या चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि गाडी घेऊन जायला सांगितलं.

मग मीच बिघाडाच्या मागे लागलो. शनिवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चांगली तापवली. कूलरला दोन नळ्या असतात. एकीतून तापलेलं तेल आत जातं, दुसरीतून निवलेलं बाहेर येतं. लांबून तापमान मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे. दोन्ही नळ्यांवर धरलं तर दोन्ही सारख्याच गरम. म्हणजे तेल फिरत होतं, पण निवत नव्हतं. म्हणजेच कूलरला वारा लागत नव्हता. आता बंपर उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बंपर निघाला आणि मागे जाळी दिसली. शेतात सावलीला लावतात त्या शेडनेटचा काळा तुकडा, कूलरच्या तोंडावर मापात कापून ताणलेला. बंपरला मी काळीच जाळी लावलेली, त्यामुळे तिच्याआडची ही कधी नजरेत भरली नव्हती. तिच्यावर पापुद्र्यांचा आणि धुळीचा थर बसून पार लिंपण झालं होतं. चारही कोपरे बारीक तारेने बांधलेले, आणि तारेची टोकं आत वळवलेली, कुणाच्या हाताला टोचू नयेत म्हणून.

अशी टोकं आण्णाच वळवतात. आमच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरपुढे अशीच जाळी असायची. पापुद्रे आत जाऊ नयेत म्हणून खळ्यावरची ही रीतच आहे. रोज संध्याकाळी आण्णा ती सोडायचे, भिंतीवर आपटायचे आणि परत बांधायचे.

मग मी रागावून बोललो त्याच्या पुढचा रविवार आठवला. दुपारी मी आत घोरत होतो, आणि आण्णा पाठीला माती लावून घरात आले होते. बायकोने विचारलं तर म्हणाले, गाडीखाली मांजराचं पिल्लू गेलं होतं, ते काढत होतो. तेव्हापासून त्यांचा गुडघा धरला, तो अजून सुटलेला नाही. दर रविवारी जाळी काढून झटकायचा त्यांचा बेत असणार. पण पुन्हा गाडीखाली आडवं होणं त्यांना जमलं नाही आणि मला सांगणंही जमलं नाही. मी पार्किंगमध्ये फरशीवर बसून राहिलो. मला माझीच शरम वाटली. मी येत राहावं म्हणून एक म्हातारा माणूस मातीत लोळला होता, आणि मी नकली तेल शोधत हिंडत होतो.

जाळी काढली, गाडी निवली. मित्राची माफी मागितली. त्याने ती गिऱ्हाइकांसमोर पुन्हा मागायला लावली, आणि चहा पाजून विषय संपवला. आण्णांना सांगणं मात्र जमेना. पुढच्या रविवारी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पापुद्रं बसत नाय ना आता गाडीत?" मी म्हणालो, एकही नाही. त्यांचा चेहरा असा खुलला की पुढचं काही बोलवेना. माझ्यासाठी करावं असं त्यांच्या हातात आता उरलंय तरी काय? तुमच्या जाळीने माझा गिअरबॉक्स जाळायला घेतला होता, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

तेव्हापासून एक नवा उद्योग लागला. जाळी डिकीत ठेवायची, गाव जवळ आलं की रस्त्याच्या कडेला थांबायचं, गाडीखाली आडवं होऊन ती बांधायची, टोकं आत वळवायची. परतताना तिथेच सोडायची. बायको दर वेळी म्हणते, सांगून टाका एकदाचं. कारखान्यात दुसऱ्यांचा माल मी बिनदिक्कत नाकारतो, आणि इथे शेडनेटच्या एका तुकड्यापुढे माझी वाचा बसते.

गेल्या रविवारी आण्णा खळ्यावरच उभे होते. वारा मोकाट सुटलेला, पापुद्रे नुसते उधळत होते. मी उतरेपर्यंत ते काठी टेकत गाडीपुढे आले, वाकले, बंपरच्या खालच्या फटीतून बोट आत घालून जाळीवरून फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग माझ्या मागे आले आणि शर्टावरची माती झटकायला लागले.

"मांजराचं पिल्लू सापडलं का रे?"

"काढून टाक ती जाळी," आण्णाच पुढे म्हणाले. "तू येतो तेवढं लय हाय."

माती केव्हाच निघून गेली असणार, तरी ते माझी पाठ झटकत राहिले.