वरून टाकलेला नारळ

"झेल रे!" रावसाहेब म्हणाले, आणि त्यांनी नारळ फेकला.

मी झेलला.

दोन्ही हातांनी, छातीशी, शिकवल्यासारखा. जिमखान्याच्या मांडवात बसलेली मंडळी हसली. टाळ्या पडल्या. पुढच्या खुर्चीवर बसलेला अमेरिकन कॅप्टन मांडीवर थाप मारून ओरडला, "गुड कॅच!" आणि मीही हसलो. दात काढून हसलो. त्या दिवसाचं इतकं काही आठवतं, पण सगळ्यात आधी आठवतं ते माझं हसणं. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

मग हार आला. तोही हवेतून. माझ्या मनगटाला अडकून लोंबकळला. मी तो स्वतःच्या हाताने गळ्यात घालून घेतला आणि बाजूला सरकलो.

बाजूला हुसेन उभा होता. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि आमच्या संघाचा म्होरक्या. बाजारातल्या सुपारीवाल्याचा मुलगा. माझ्याआधी त्याचं नाव पुकारलं होतं. त्याला रावसाहेबांनी जवळ बोलावलं होतं, हार स्वतः त्याच्या गळ्यात घातला होता, नारळ तळहातावर ठेवला होता, वर पाठीवर थापही मारली होती. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या गळ्यातल्या हाराकडे नाही, माझ्या हातांकडे.

तेव्हा मला समजलं.

हुसेन गावातला होता. बाकीचे आम्ही सगळे महारवाड्यातले होतो. हुसेनचा सत्कार झाला होता. आमच्याशी खेळ चालला होता.

वरून टाकलेलं झेलणं आम्हाला नवीन नव्हतं. लोणावळ्याच्या बाजारात मिठाची पुडी वरून पडायची. चहा वरून ओतला जायचा, तोही आपल्याच टमरेलात. काही द्यायला कुणी हात पुढे केला की आमची पावलं आपोआप अर्धं पाऊल मागे जायची आणि ओंजळ पुढे यायची. आईच्या दुधाबरोबर आलेली सवय. पण ते दुकानदार निदान तोंड वाकडं करून द्यायचे. टाळ्या वाजवून घ्यायला लावायचे नाहीत. रावसाहेबांनी विटाळाचाच तमाशा केला, आणि बघणाऱ्या गोऱ्या कॅप्टनला वाटलं, काय खेळकर माणूस आहे हा.

माझ्यामागून एकेक पोरगा पुढे जात होता. नारळ उडत होता. पोरं झेलत होती. सगळे झेलण्यात तरबेज. का नसणार? आबाने शिकवलं होतं.

आबा माझा रक्ताचा कुणी नव्हता. वस्तीत सगळे त्याला आबाच म्हणायचे. उभी उमर घाटात रेल्वेच्या गँगवर गेली. रूळ सरकवताना डाव्या हाताची बोटं चिरडली, तेव्हा साहेबाने त्याला घरी बसवलं. मग लढाई आली. वळवणच्या बाजूला माळावर अमेरिकन सोल्जरांचा तळ पडला. आबाला तिथे गवत कापायचं काम मिळालं. सोल्जर संध्याकाळी त्या माळावर बेसबॉल खेळायचे. जाड दांडकं, शिवलेला चेंडू, आणि एका हातात चामड्याचा भलामोठा पंजा. आबा गवत कापायचा थांबून बघत बसायचा. एका सोल्जराने त्याला चेंडू उचलून द्यायला लावलं, मग टाकायला लावलं, मग एक दिवस त्याच्या हातात दांडकं दिलं. हातात दिलं, हे आबा दर वेळी सांगायचा.

मग आबाने आम्हाला शिकवायला घेतलं. मी तेव्हा गँगवर कामाला लागलो होतो. दिवसभर पहार आणि हातोडा, आणि सुटलो की माळ. वाळू भरलेली गोणपाटं टाकून आम्ही बेस, म्हणजे पळणाऱ्याने गाठायचे थांबे, केले. सोल्जरांचा फाटका पंजा बाजारातल्या मोच्याकडून शिवून आणला. मी कॅचर झालो, मारणाऱ्याच्या पाठीमागे उकिडवा बसायचो. पहिल्या दिवशी चेंडू आला तसे मी डोळे मिटले. आबा अंगावर धावून आला.

"डोळं झाकू नगंस. आन् झेलताना हात जरा मागं घ्याचा, म्हंजी त्यो हातात निजतो."

दुसरी गोष्ट शिकवली तेव्हा मात्र आम्ही सगळेच खेळायचे थांबलो. पळणारा गडी बेस सोडून पळत असला की चेंडू हातात धरून त्याच्या अंगाला लावायचा. लावला की तो बाद.

"आबा," मी विचारलं, "उद्या गावातली पोरं आली खेळाया, तर त्यांच्याबी अंगाला?"

"मंग? कायदा हाय खेळाचा."

आबा असं म्हणाला आणि गालातल्या गालात हसला. त्याला हा खेळ का आवडला होता ते मला तेव्हा कळलं.

आणि गावातली पोरं खरंच आली. जिमखान्यातल्या बंगलेवाल्यांच्या पोरांना वाटलं, क्रिकेट येतं तर यात काय आहे. कॅप्टनने सामना ठरवला. पंच तोच. बंगलेवाल्यांना नाही म्हणता येईना.

शेवटी शेवटी सामना अगदी अटीतटीचा झाला होता. रावसाहेबांचा भाचा तिसऱ्या बेसवरून माझ्या दिशेने सुटला. तो माझ्यामागच्या गोणपाटाला पोचला असता तर बरोबरी झाली असती. हुसेनने चेंडू माझ्याकडे फेकला. चेंडू हातात निजला. भाचा समोरून धावत येत होता. पांढरा शर्ट, केसांना तेल. मला फक्त हात पुढे करायचा होता. आणि माझा हात हलेना. जन्मभर ज्यांच्या सावलीपासून अंग चोरलं, त्यांतल्या एकाच्या अंगाला मला हात लावायचा होता, सगळ्या गावादेखत.

"लाव!" आबा ओरडला.

मी लावला. खांद्यावर. कॅप्टनने हात वर केला. भाचा बाद झाला आणि आम्ही जिंकलो.

भाचा भांडला नाही. त्याने शर्ट काढला, तिथेच टाकला आणि उघड्या अंगाने बंगल्याकडे गेला. तो शर्ट संध्याकाळपर्यंत माळावर पडून होता.

कॅप्टनने जाहीर केलं, जिंकणाऱ्यांचा जिमखान्यात सत्कार झाला पाहिजे, आणि तो बघायला तो स्वतः येणार. रावसाहेब जिमखान्याचे अध्यक्ष. त्यांनी मान डोलावली. मान डोलावताना ते काय ठरवत होते ते आम्हाला काय ठाऊक?

सत्काराचा निरोप वस्तीत आला तेव्हा आबाने दोनदा विचारलं, "मलाबी बोलिवलंय? नक्की?"

"तुला तर पयलं, आबा. तू मास्तर आमचा."

आबाने गालांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "लगनात गळ्यात हार पडला तेवढाच. दुसऱ्या कुनी कवा घातला न्हाई." आणि उठून दाढी करायला गेला. त्या दिवशी त्याने सोल्जराने दिलेला खाकी कोट दगडावर आपटून आपटून धुतला. मळवलीच्या त्याच्या लेकीला सांगावा धाडला. वस्तीतल्या बायकांना ऐकवून आला, आज माज्या गळ्यात हार पडनार हाय. आम्ही सगळे त्या एका हारासाठीच मांडवात गेलो होतो. आमचं आम्हाला काही नव्हतं.

मांडवात शेवटचं नाव आबाचं होतं.

"आणि हे यांचे मास्तर," रावसाहेब म्हणाले.

आबा पुढे गेला. रावसाहेबांच्या समोर उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि मान खाली वाकवली. हार नीट घालता यावा म्हणून. त्याची ती वाकवलेली मान मला दिसत होती. सुरकुतलेली, घासून घासून धुतलेली. आबाला पोरांच्या गळ्यात हार कसे पडले ते बघूनही कळलं नव्हतं. किंवा कळलं असेल, आणि त्याला वाटलं असेल, पोरांचं ठीक आहे, पोरं खेळाडू, म्हातारा माणूस पाहून तरी हा हार गळ्यात घालेल.

रावसाहेब एक पाऊल मागे सरकले. तबकातला नारळ उचलला.

"मास्तर, झेला!"

आबाने मान वर केली. मोडक्या बोटांचा डावा हात घाईघाईने पुढे आला. त्याची ती तारांबळ बघून मांडवात कुणीतरी आधीच खुदकन हसलं.

मी मध्ये गेलो. कसा गेलो ते आठवत नाही. नारळ माझ्याकडे आला, आणि माझे हात आपोआप उचलले गेले, सवयीने, शिकवल्यासारखे. मी ते खाली दाबले. पाठीमागे नेऊन एकमेकांत गच्च धरले. नारळ माझ्या छातीवर आदळला, खाली फरशीवर पडला आणि फुटला. पाणी रावसाहेबांच्या पायांपर्यंत गेलं.

कुणी टाळी वाजवली नाही.

"अरे, काय हे! खेळ आहे," रावसाहेब हसत म्हणाले. डोळे हसत नव्हते.

"खेळ माळावर झाला," मी म्हणालो. आवाज फाटला होता. "हितं हार घालाया बोलिवलंय. त्यांच्या गळ्यात घाला. तुमच्या हातानं."

कॅप्टन इकडे तिकडे बघायला लागला. त्याने शेजारच्याला काहीतरी विचारलं. शेजारच्याने हसून मान हलवली, काही नाही अशा अर्थाने. रावसाहेबांनी हार तबकातच राहू दिला. हात धोतराला पुसले. ज्या हातांना आमचा स्पर्शही झाला नव्हता, ते हात पुसले.

हुसेनने आपल्या गळ्यातला हार काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मग मलाबी नगं." त्याचा बाप मांडवातच बसला होता. उद्या दुकानावर काय होईल ते त्याला ठाऊक होतं. तरी बापही उठून आमच्याबरोबर आला. आम्ही सगळ्यांनी हार टेबलावर टाकले. मी माझा टाकला तेव्हा वाटलं, काहीतरी मोठं केलं. छाती दुखत होती, पण ताठ होती.

ती रेल्वेच्या फाटकापर्यंत ताठ राहिली. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. आबा माझ्या शेजारी उभा होता, टोपी अजून काखेत.

"हार तेवढा घालू द्याचा हुतास, लेका," तो हळूच म्हणाला. "फेकला असता तरी मी घेतला असता."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी आबासाठी भांडलो होतो, आणि आबाला हार हवा होता. कसाही. इतका हवा होता. त्या रावसाहेबाची लाज मला कधीच वाटली नाही. लाज वाटली ती याची, की आमच्या सगळ्यात शहाण्या माणसाला या लोकांनी इतकं उपाशी ठेवलं होतं की फेकलेलंही त्याला चाललं असतं. आणि तासाभरापूर्वी मलाही चाललं होतं. मी तर हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या पोरांनी झेंडूचा हार केला. आबाच्या गळ्यात घालायला गेलो तर त्याने हात आडवा केला.

"ह्यो नगं. तुमी घातला तर मी आबाच. त्यांनी घातला असता तर मास्तर झालो असतो."

माळाला कुंपण पडलं. गोणपाटं कुणीतरी फाडून वाळू पसरून दिली. मला मुकादमाने घाटातल्या बोगद्यांच्या गँगवर धाडलं, तिथे धुराने छाती भरून यायची. हुसेनच्या बापाकडून बंगलेवाल्यांनी सुपारी घेणं बंद केलं. तळ उठला, सोल्जर गेले. आबा त्याच पावसाळ्यात गेला. पंजा आम्ही त्याच्याबरोबर मातीत ठेवला. हार घातले, पुष्कळ घातले. त्याला दिसले नाहीत.

मग स्वातंत्र्य आलं. बाजारात झेंडे लागले. रावसाहेब थकले होते, जिमखाना भाचा बघायला लागला होता. एक दिवस तो आमच्या वस्तीकडे आला आणि जांभळाच्या झाडाखाली, वस्तीच्या अलीकडेच, रस्त्यावर उभा राहिला. तिथूनच हाक मारली. मी गेलो.

"आता सगळं बदललंय," तो म्हणाला. "गावच्या खेळाडूंचा आणि त्यांना शिकवणाऱ्यांचा आम्ही सन्मान करतोय. जिमखान्यात आबांचं नाव लावू. तुम्ही या, त्यांच्या वतीने हार घ्या. झालं गेलं विसरून जा."

पहिल्यांदाच तो मला तुम्ही म्हणाला. आबांचं नाव, तेही आदराने. एक क्षण मला आनंद झाला. पुन्हा तेच हसू ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं.

मी हात पुढे केला. ओंजळ नाही. एक हात, सरळ, त्याच्या छातीसमोर.

"आधी हितं हात द्या," मी म्हणालो. "वस्तीसमोर. मंग हाराचं बोलू."

त्याने हाताकडे पाहिलं. मग वस्तीकडे. बायका दारात आल्या होत्या, आबाची लेकही होती. त्याचा हात उचलला गेला आणि कोपरापाशीच थांबला.

"तुम्ही अजून तेच धरून बसलात?"

"व्हय."

तो गेला. मी हात खाली घेतला नाही, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत.

आबाचं नाव जिमखान्यात लागलेलं नाही. मी लावू दिलं नाही. वस्तीतली काही माणसं म्हणतात, म्हाताऱ्याची हौस होती, तू आडवा आलास. आलो. पुन्हा येईन. आबा फेकलेलंही घ्यायला तयार होता, म्हणूनच मी घेणार नाही. त्याचं नाव घ्यायचं तर त्या तोंडांनी आधी आमच्या दारात यावं, आणि त्या हातांनी आधी या हाताला हात लावावा. तोवर त्यांनी ते नाव तोंडात घेऊ नये. माझ्या पोरांनाही मी हे सांगून ठेवलं आहे: वरून पडणारं काहीही झेलायचं नाही. पडू द्यायचं. फुटू द्यायचं.