शकुनाचे शंभर

आमच्या बँकेच्या सुरत शाखेत एटीएम यंत्र बसलं तेव्हा मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. यंत्राला हार घातला, नारळ फोडला आणि मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं की आता ग्राहकाला कॅशियरचं तोंड बघावं लागणार नाही. कॅशियर शेजारीच उभा होता. यंत्राच्या तक्रारी कोणी बघायच्या, हे मात्र जाहीर झालं नाही. त्या आपसूक माझ्या टेबलावर आल्या. मुख्य कार्यालयाला पत्रं इंग्रजीत जायची आणि इंग्रजी शाळेत शिकलेली शाखेत मी एकटीच होते. शिवाय मी बोलत नसे, त्यामुळे नाही म्हणण्याचाही प्रश्न नव्हता.

तक्रारी बहुतेक खऱ्या असत. नोट अडकायची, मध्येच वीज जायची. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधला एखादा कामगार शंभर रुपयांसाठी खाडे करून तीन-तीन खेपा घालायचा आणि साहेब दर वेळी सांगायचे, "तपास चालू आहे." साड्यांचे एक व्यापारी मात्र आले की साहेब स्वतः खुर्ची पुढे सरकवत. पर्वत पाटियाजवळ त्यांची दोन दुकानं होती आणि आमच्याकडे भलीमोठी ठेव. त्यांचा तपास चहा संपायच्या आत संपायचा.

पहिल्या वेळी हे शेठ म्हणाले, बटणं दाबली पण एकवीसशे रुपये बाहेर आलेच नाहीत. बँकेने दिले. तीन महिन्यांनी तेच, या वेळी एकतीसशे. तेही दिले. दोन्ही दिवशी संध्याकाळी यंत्रातली रोकड मोजली होती आणि एकही नोट जास्त भरली नव्हती. पैसे बाहेर आले नसते तर ते आत सापडायला हवे होते. मी हे एका चिठ्ठीवर लिहून साहेबांपुढे ठेवलं.

"बेटा, मशीन आहे," साहेब म्हणाले. "मशीन चुकतं. शेठ कशाला चुकतील?"

तिसऱ्या वेळी शेठची कहाणी बदलली. आता पैसे आले होते, पण ते त्यांनी काढले नव्हते. एक्कावन्नशे रुपये. आणि चोर त्यांनी सोबतच आणला होता: आमच्या एटीएमच्या दारावरचा गार्ड.

गार्ड पन्नाशीचा, मूळचा खानदेशातला, डिंडोलीला राहणारा. यंत्रमागावरचं काम सुटल्यावर त्याला ही दाराची नोकरी मिळाली होती. सलाम ठोकणं आणि ज्यांना जमत नाही त्यांना बटणं दाबून देणं, एवढं काम. शेठ चष्मा दुकानात ठेवून येत आणि आपला गुप्त नंबर रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल असा सांगत. गार्ड दाबत असे.

"आ माणसला माझा नंबर माहीत," शेठ म्हणाले, जणू गार्डने तो त्यांच्या तिजोरीतून पळवला होता. "त्या दिवशी कार्ड मशीनवर विसरलो. तासाभराने ह्याने दुकानात आणून दिलं. त्या तासात काय केलं, विचारा."

कार्ड परत आणून देणं हा पुरावा ठरला. ते गटारात फेकलं असतं तर कदाचित वाचला असता.

साहेब माझ्याकडे वळले. "मुख्य कार्यालयाला लिही, पैसे द्यावेत. आणि गार्डच्या एजन्सीला लिही, माणूस बदला. उद्या दोन्ही सहीला ठेव."

दुपारी गार्ड माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"ताई, मी त्या पैसासले हात बी लायेल नही," तो म्हणाला. "मन्ही नोकरी जाई का?"

त्याची भाषा माझ्या घरातलीच. वडील पांडेसऱ्यात डाइंग मिलच्या रंगखात्यात कामाला होते. पण माझं इंग्रजी बिघडू नये म्हणून घरात माझ्याशी अहिराणी बोलायला बंदी होती. मी पुस्तकी मराठीत म्हटलं, "बघते." माझं इतकं शिक्षण, आणि तोंडून निघालं ते हे.

यंत्राच्या पोटात कागदाची एक गुंडाळी असे. प्रत्येक व्यवहार त्यावर छापला जाई. ती मी टेबलावर उलगडली आणि शेठच्या कार्डाच्या सगळ्या नोंदींवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या. अकराशे, एकवीसशे, अकराशे, एकतीसशे. गोल रक्कम एकदाही नाही. वर एक ठेवल्याशिवाय लक्ष्मीला हात लावायचा नाही, हा शकुन. यंत्रात रुपयाचं नाणं नसल्यामुळे शेठने शंभराची नोट वर ठेवायला सुरुवात केली होती. आणि चोरानेही नेमके एक्कावन्नशे काढले होते. कधी नोकरी जाईल याचा भरवसा नसलेला गार्ड, दुसऱ्याचं कार्ड हातात घेऊन शेठच्या बरकतीची काळजी करत होता म्हणे.

पण रिवाज म्हणजे पुरावा नव्हे. मी खालची ओळ वाचली. एक्कावन्नशे निघाल्यानंतर एका मिनिटात त्याच यंत्रातून दुसऱ्या कार्डावर अकराशे निघाले होते. खाते क्रमांक काढून बघितला. शेठच्या पत्नीचं कार्ड. त्या अकराशेंची तक्रार नव्हती. दोन्ही कार्डं शेठ एकाच खिशात ठेवत, हे मी काचेतून अनेकदा बघितलेलं होतं. म्हणजे त्या मिनिटाला यंत्रासमोर शेठच होते; आपलं कार्ड यंत्रावर विसरून ते बायकोचं तेवढं खिशात घालून गेले होते.

साहेब माझ्या पत्राची फक्त शेवटची ओळ वाचत. बाकीच्या इंग्रजीचा त्यांना कंटाळा होता, किंवा भीती. मी शेवटच्या ओळीत आदरपूर्वक निर्णयाची विनंती केली. वरच्या तीन परिच्छेदांत गुंडाळीवर होतं ते सगळं लिहिलं, आधीच्या दोन तक्रारींसकट. पैसे द्यावेत असं कुठेही लिहिलं नाही. साहेबांनी सही केली.

"एजन्सीचं पत्र?"

"मुख्य कार्यालयाचं उत्तर येऊ द्या, साहेब," मी म्हटलं. "नंतर पाठवते."

दहा दिवसांनी उत्तर आलं. दावा नामंजूर, गार्डवर कारवाईची गरज नाही, आधीचे दोन दावे कोणत्या आधारावर मंजूर केले ते कळवावे. साहेबांनी मला आत बोलावलं.

"हे तू लिहिलंस?"

"सही तुमची आहे, साहेब."

आपण न वाचता सही करतो, हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी मला जायला सांगणं पसंत केलं.

शेठ आले, चहा प्यायले. साहेबांनी खालच्या आवाजात बायकोच्या कार्डाचा विषय काढला. शेठ जराही ओशाळले नाहीत.

"घरात कोणी काढले असतील," ते म्हणाले. "जवा दो, जाऊ द्या, मी तक्रार परत घेतो. गरीब माणूस आहे, त्याची रोजी कशाला घालवू?"

जाताना दारात थांबून ते गार्डला म्हणाले, "जा, माफ किया."

गार्ड लगबगीने माझ्याकडे आला. "ताई, शेठ भला मानूस शे. माफ करी दिधं माले."

मला सांगायचं होतं. गुंडाळी अजून ड्रॉवरमध्ये होती, खुणांसकट. मी म्हटलं, "हो का."

तो परत दाराशी गेला. काचेपलीकडून शेठचा आवाज आला. चार आकडे, मोठ्याने, आणि मागोमाग रक्कम: अकराशे.