शालूताई आणि आयोडीनची वाट

दीड महिना झाला. मी तुकईथडला माहेरी होते. भाऊ केळीचे नवे घड दाखवत होता, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "ताई गेली गं..."

शालूताई माझी मोठी नणंद, आमच्याकडेच राहायच्या. बऱ्हाणपूरच्या मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. चार वर्षांपूर्वी त्यांना थायरॉइडचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, आणि मग इंदूरला किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं ठरलं. त्याआधी आयोडीनचं मीठ बंद, दूध-दही बंद. कोरा चहा पिताना त्यांचं तोंड बघून मला हसू यायचं. "हस बाई," त्या म्हणायच्या, "पण पेशी उपाशी ठेवल्या की त्या आयोडीन अधाशासारखं ओढतात." मग वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी पेशी काढली. तिच्या आवरणात एक प्रथिन असतं. दोन सोडियम आत शिरताना एका आयोडाइडला बरोबर घेऊन जातात. कर्करोगाच्या पेशीही त्याच वाटेनं औषध आत घेतात आणि मरतात. मी दहावी नापास, पण त्या दिवशी मला सगळं कळलं.

औषधानंतर अंगातून किरण निघतात, म्हणून दवाखान्यात त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. फोनवर म्हणाल्या, "डबा ठेवून माणसं पळतात गं! शाळेत एवढा धाक कधी नव्हता माझा."

दोन वर्षं बरी गेली. मग रक्ताचा रिपोर्ट बिघडला. पुन्हा आयोडीन दिलं, तर स्कॅन कोरा आला. मी आनंदाने म्हटलं, "काहीच नाही, म्हणजे बरं ना?" ताईंनी मान हलवली. "नाही गं सुमन. रोग आहे. त्या पेशींनी ते प्रथिनच बनवणं सोडलंय. आयोडीन आत जाणार कुठून?" डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. मी रडले, तर ताईंनीच मला पाणी दिलं.

दुसऱ्या गोळ्यांवर आणखी काही महिने निघाले. आवाज पार बसला, तरी संध्याकाळी घरी शिकवणं सुटलं नाही. ऐकू यावं म्हणून मुली पुढे पुढे सरकत त्यांच्या पलंगाला टेकायच्या.

गेल्या आठवड्यात त्यातल्या दोघी आल्या. "काकी, इथेच बैठू का थोडा वेळ?" मी ताईंची खोली उघडली. अख्खी सतरंजी मोकळी होती, पण दोघी पलंगाला टेकूनच बसल्या आणि अगदी हळू आवाजात वाचू लागल्या... मी पंखा लावला आणि शिट्टी होऊ नये म्हणून स्वयंपाकघरातला कुकर जरा वेळ बंद केला.