आर्गॉन काही करत नाही

ब्रह्मपुरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. आवर्तसारणीचा अठरावा गण शिकवायला मला कधी तयारी लागली नाही. हेलियम, निऑन, आर्गॉन. सगळ्यांची बाहेरची कक्षा भरलेली, म्हणून कोणाशी संयोग नाही. एका तासात विषय संपायचा.

माझा धाकटा भाऊ माजरीकडे एका लहान वर्कशॉपमध्ये वेल्डर. मागच्या उन्हाळ्यात घरी आला तेव्हा जेवताना म्हणाला, "ताई, आता स्टीलच्या टाक्या करून राह्यलो. जोडाले हवा लागू नये म्हणून आर्गॉनचं सिलिंडर लागते. त्याची भीती तं नाई ना?"

"नाई रे. तो कशाशीच संयोग पावत नाई. आपल्या श्वासात रोज थोडा जातेच," मी त्याला वरण वाढत म्हटलं.

पंधरा दिवसांनी भर तासाला फोन आला. त्याच्यासोबत काम करणारे वयस्क वेल्डर बोलत होते. "बाई, भाऊ टाकीत बेशुद्ध पडला. चंद्रपूरले नेऊन राह्यलो."

मी खडू हातात तसाच धरून बस स्टँडवर पोचले. विजेचा धक्का बसला असेल, हेच डोक्यात होतं.

दवाखान्यात त्या वेल्डरभाऊंनी सांगितलं, "जोड पाहाले टाकीच्या तोंडातून कमरेपर्यंत वाकला. वास नाई, धूर नाई, खोकलासुद्धा नाई. दोन श्वासांत मान टाकली. पाय बाहेर होते म्हणून ओढता आलं."

डॉक्टर म्हणाले, "आर्गॉन हवेपेक्षा जड. टाकीत साचला, आत ऑक्सिजनच उरला नाही."

जड असतो हे मला माहीत होतं. त्याचा अणुभार मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होते. संयोग पावत नाही, एवढं सांगून मी गप्प बसले होते.

संध्याकाळी त्यानं डोळे उघडले. मला ओळखलं आणि विचारलं, "माय जेवली काय?"

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. वेल्डरभाऊंनीच "हो, जेवली" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याला सगळं आठवलं. टाकीजवळ काय झालं, तेवढं नाही. मी म्हणाले, "मी तुले अर्धवटच सांगितलं."

"तुले तरी काय माहीत, आम्ही टाकीत डोकं घालतो म्हणून," तो म्हणाला.

तो पुन्हा कामावर जातो. त्याच्या उजव्या हाताला कंप राहिला आहे, त्यामुळे बारीक जोड आता वेल्डरभाऊ करतात.