थांबलेली पाळी परत आली तेव्हा

"उठ सुमन. कशालेच हात नोको लावू. उठ म्हणून राहिली नं मी!"

मालकिणीच्या आवाजासरशी माय तिच्या चुलीपुढून उठली. आंबिलीचा गंज अर्धा ढवळलेला तसाच राहिला. महालक्ष्म्यांचं जेवण होतं. माजघरात दहा-बारा सवाष्णी बसल्या होत्या. सगळ्यांनी मायच्या साडीची मागची बाजू पाहिली. चिंचोक्याएवढा डाग.

सगळं बाटलं, असं मालकीण म्हणाली. भात, पुरण, भाज्या, सगळं गोठ्यात नेऊन टाकायचं. पण मायनं आता त्याला शिवायचं नाही. म्हणून मालकीण माझ्याकडे वळली. मी मायच्या मदतीला गेले होते.

"तू साफ आहेस नं?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी एम. ए. झालेली. तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं देणारी-घेणारी.

"हो," मी म्हणाले.

आणि एकेक गंज उचलून मायच्या समोरून गोठ्यात नेला. ती अंगणात भिंतीला पाठ लावून उभी होती. डाग दिसू नये म्हणून. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

अपमान तिचा झाला असं मी बरेच दिवस समजत होते. पण प्रश्न मला विचारला होता, आणि मी उत्तर दिलं होतं.

जातीनं आम्ही त्या घरच्यांसारखेच. म्हणून माय त्यांच्या चुलीपर्यंत पोचली. जमीन नाही, म्हणून चुलीपाशीच राहिली. त्याआधी पंचवीस वर्षं ती त्यांच्याच धानाच्या बांधीत रोवणीला जायची, गुडघाभर चिखलात. तिची पाळी गेली त्याच वर्षी मालकिणीनं तिला स्वयंपाकाला घेतलं. आल्यागेल्याला सांगायची, "आमची सुमन आता साफ आहे. बारा महिने चालते." माय हे ऐकून हसायची. तिला ती शाबासकी वाटायची. मलाही वाटली होती. माय उन्हातून सावलीत आली, एवढंच मी पाहिलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"होळीपासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगतलं असतं तं काम गेलं असतं. अन् लय नाही वो. थोडंसंच. गुलाबी पाणी जाते."

चार वर्षं थांबलेलं होतं. सहा महिन्यांपासून पुन्हा जात होतं. जुन्या लुगड्याच्या घड्या लावून ती दुसऱ्याच्या घरचं पुरण वाटत होती. फक्त शेजारच्या कमलाबाईला ठाऊक होतं. कमलाबाई बोअरवेलवर तिची थट्टा करायची, "जवान होऊन राहिली का वो तू? जवाई पाहाच्या वयात पाळणा बांधतं का?" दोघी हसायच्या. पाळी परत आली म्हणजे अंगात अजून ताकद आहे, असं आमच्याकडे बाया मानतात.

मी काय मानलं? या वयात होत असेल मागेपुढे. वाचनालयात आरोग्याची एक फळी आहे. तिच्यावरची धूळ मीच झटकते. एक पान उलटलं नाही.

मालकिणीनं निरोप पाठवला, "पिशवी खराब झाली असन. काढून टाक अन् मंग येजो कामाले." जणू भोपळ्यातलं बी काढायचं होतं. माय म्हणाली, धान कापणी होऊ दे. मीही होकार दिला. दवाखान्यात हे कसं सांगायचं, याची मलाच लाज होती.

कार्तिकात भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, पिशवीच्या आतल्या थराचा तुकडा तपासायला पाठवला. मग मला एकटीला आत बोलावलं. पाळी जाण्याआधीची काही वर्षं ती मागेपुढे होते, त्या म्हणाल्या. पण पूर्ण एक वर्ष थांबल्यानंतर जे रक्त येतं ती पाळी नसते. एक थेंब आला तरी नसते. पुष्कळदा कारण साधं निघतं. पण तपासल्याशिवाय ते साधं आहे हे कळत नाही.

"पहिला डाग दिसला तेव्हाच यायचं होतं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिपोर्ट आले. कॅन्सर होता, आणि तो पिशवीच्या बाहेर गेला होता. मोहफुलं वेचायच्या दिवसांत माय गेली.

तेरवीला मालकीण आली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लय गुणाची होती सुमन. हाताले चव होती. आता तूच येत जा सणावाराले. फक्त तुझी तारीख कधी असते ते आधीच सांगून ठेवजो."

घर पाहुण्यांनी भरलेलं. कमलाबाई पत्रावळी उचलत होती. मी मालकिणीचा हात पाठीवरून काढला.

"माझी तारीख मी डॉक्टरले सांगन. तुमाले नाही. अन् माय पिशवीनं नाही मेली. तुमच्या चुलीपाशी लपवता-लपवता मेली. मीबी लपवू देलं."

ती उठली. "शिकवलं म्हणून जीभ लांब झाली हिची."  माझे काका तिला सोडायला दारापर्यंत गेले.

त्यानंतर मी बोअरवेलवर मायच्या आजाराचं नाव मोठ्यानं घेते. रक्त कधी सुरू झालं, आम्ही किती महिने घालवले, सगळं सांगते. बाया घागर अर्धी भरून निघून जातात. जाऊ दे.

परवा कमलाबाईची सून वाचनालयात आली. पुस्तक नको होतं तिला. बारा दिवस झाले, थांबत नाही. तासाला पॅड भिजतं. गाठी पडतात. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते. सासू म्हणते, बाईच्या जातीले असतेच. सासूला न विचारता यायला ती तयार नव्हती, म्हणून तिला दवाखान्यात न्यायला मी तेव्हाच तिच्या घरी गेले. कमलाबाईनं दारातूनच मला परत पाठवलं.

आज सुनेचे ओठ पांढरे दिसले. तिच्या नवऱ्याला मी शेतातून बोलावून आणलंय. ऑटो दारात उभा आहे. पवनीच्या दवाखान्यात, आत्ता. कमलाबाई उंबऱ्यावर बसून मायचं नाव घेऊन मला शिव्या देते आहे. तिला ओलांडून मी आत चालले आहे.

एक बाई मी लाजेपायी घालवली. दुसरी घालवणार नाही.